खंडोबा छाप दाब्या

मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझं तोंड भिंतीकडे होतं. सांगलीत गावभागात दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत असं कळलं म्हणून गेलो, तर ओसरीवर एक हाडकुळा माणूस पुढ्यात बंदुकीचे अवयव पसरून बसलेला. मी नमस्कार म्हणायच्या आत तो मान वर न करता म्हणाला, "तोंड फिरवा." मला वाटलं, आतून बायकामाणसं जायची असतील. फिरवलं. मागं खट्ट असा आवाज झाला आणि मग, "हां. आता बोला काय ते."

पुढं कैक वर्षं मी त्यांचा भाडेकरू होतो आणि त्या भिंतीचा प्रत्येक पोपडा मला पाठ झाला. बंदुकीची कमान काढायची वेळ आली की समोर कोणीही असो, त्याला तोंड फिरवावं लागे. एकदा एक फौजदार आला, चांगला मिशा पिळलेला. "मी कोण आहे माहीत आहे ना?" म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "म्हाईत हाय की. म्हणून तर सांगतोय. डोळं दोन्ही हायत तवर फौजदार." फौजदार गपगुमान वळला. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन यायच्या त्या पाठमोऱ्याच, आणि मागं हात करून कप द्यायच्या. नवऱ्याला चहा देताना कधी त्याचं तोंड बघितलं नाही, असं त्या हसून सांगायच्या.

माणूस विक्षिप्त खराच. जन्मभर बंदुका दुरुस्त केल्या, पण बार उडाला की कानात बोटं घालून आत पळायचे. स्वतः एकदाही बंदूक उडवली नाही. बंदुकीला बंदूक म्हणायचे नाहीत. "पाटलाची म्हातारी आलीया," "त्या कुरळपच्या सूनबाईला सर्दी झालीया," असं चालायचं. घोडा ओढून कानाशी धरायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग मालकाला फैलावर घ्यायचे. उसातली रानडुकरं मारायला म्हणून ठासणीची बंदूक घ्यायची आणि पावसाळाभर गोठ्यात टांगून ठेवायची, हे त्यांना सहन होत नसे. "बायकूला ठेवशील का रं अशी?" असं भर ओसरीत विचारायचे. गिऱ्हाईक टिकायचं कसं, देव जाणे.

मला ते 'एजंट' म्हणायचे. मी त्या वेळी स्टोव्हच्या पिना, वायसर, कंदिलाच्या काचा असला माल सातारा-सांगलीच्या पेठांतून विकत फिरत असे. "एजंट, आज किती जणांच्या गळ्यात काचा बांधल्या?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. माझ्या धंद्याबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता आणि मीही तसा त्यांच्या धंद्याला हसायचोच. पण त्या 'तोंड फिरवा'ला हसणं मी एका दुपारी बंद केलं. त्या दुपारी वहिनींनी मला त्यांच्या धाकट्या दिराची गोष्ट सांगितली.

ठासणीच्या बंदुकीच्या घोड्याला जोर देते ती एक दुमडलेली पोलादी कमान. ती साफ करायला बाहेर काढायची तर सांडशीनं दाबून धरावी लागते. सांडशी घसरली की कमान सुटते, आणि सुटली की सरळ तोंडावर येते. मिस्त्री तरणे असताना, रहिमतपूरकडच्या त्यांच्या गावी, त्यांच्याच हातातली सांडशी घसरली. समोर धाकटा भाऊ वाकून बघत बसला होता. त्याचा डोळा गेला. ठरलेली सोयरीक मोडली. पोरगा घरात कोणाशी बोलेनासा झाला आणि एक दिवस निघून गेला तो परत आला नाही. मिस्त्रींनी गाव सोडून सांगली गाठली ती त्यानंतर. "डोळा उसना मिळत न्हाई," हे त्यांचं वाक्य मी आधी शंभरदा ऐकलं होतं आणि म्हाताऱ्याची टकळी म्हणून सोडून दिलं होतं.

त्यांच्या डोक्यात एकच किडा होता. कमान दाबून धरणारं असं हत्यार करायचं की जे घसरणारच नाही. सांडशीला एक हात अडकतो, दुसऱ्या हातानं बंदूक सावरायची, म्हणून घसरते. तिसरा हात आणायचा कुठनं? हा प्रश्न त्यांनी मलाही विचारला होता. मी म्हटलं, मारुतीला विचारा.

उत्तर सापडलं स्वयंपाकघरात. वहिनी विळीवर कांदा चिरत होत्या, आणि मिस्त्री दारात उभे राहून बघत राहिले. वहिनींना वाटलं, भूक लागली असेल. तर हा माणूस म्हणाला, "ऊठ." आणि विळी घेऊन गेला. पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे. पायच तिसरा हात. महिनाभर वहिनी शेजारणीच्या विळीवर भाजी चिरून आणत होत्या. "आवं, निदान कांदं तरी चिरून द्या त्या बंदुकीवर," असं म्हणायच्या, पण म्हणण्यात राग नव्हता. दीर गेल्यापासून नवरा प्रथमच शीळ घालत काम करत होता.

बाभळीचा पाट, त्यावर मोडक्या मोटारीच्या पोलादी पट्ट्यांचे दोन जबडे आणि बाजूला फिरवायचा स्क्रू. बसायचं, पाटावर पाय द्यायचा, घोडा आणि कमान बसवलेलं बंदुकीचं कुलूप जबड्यात धरायचं आणि सावकाश स्क्रू फिरवायचा. कमान मुकाट्यानं आवळली जायची आणि तशीच हातात यायची. त्याला त्यांनी नाव दिलं दाब्या. पहिल्यांदा दाब्यावर कमान काढली तेव्हा मी सवयीनं भिंतीकडे वळलो. "एजंट," ते म्हणाले, "हिकडं बघा." मी बघितलं. कमान निघाली आणि त्यांच्या तळहातावर पडून राहिली. मिस्त्रींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि खोटं कशाला सांगू, माझ्याही आलं.

आता विकायचा. तिथं माझी फिरतीची बॅग उपयोगी पडली. मी आणि मिस्त्री दोघं निघालो, इस्लामपूर, आष्टा, रहिमतपूर, कोरेगाव. जिथं जिथं बंदुका दुरुस्त करणारा कोणी होता तिथं दाब्या मांडला. सगळ्यांनी हाताळला, सगळ्यांनी मान डोलावली आणि सगळ्यांनी एकच विचारलं, "छाप कंचा?" त्या वेळी काडेपेटीपासून धोतरापर्यंत सगळ्याला छाप लागे. घोडा छाप, मोर छाप, गणपती छाप. बिनछापाचा माल म्हणजे बिनआडनावाचा जावई. कोणी घेईना.

मिस्त्री घरी आले ते छाप करायचा असं ठरवूनच. आणि इथं त्यांनी जे केलं ते करायला त्यांच्यासारखाच माणूस हवा. त्यांचं कुलदैवत पालीचा खंडोबा. त्यांनी पोलादात ठसा कोरायला घेतला, घोड्यावरचा खंडोबा, पाठीशी म्हाळसा, हातात खांडा, घोड्याच्या पायाशी कुत्रा. बंदुकीच्या दस्त्यावर वेलबुट्टी कोरणारा हात तो. कित्येक महिने चाललं होतं. जर्मनच्या लढाईमुळे पितळ मिळत नव्हतं, तर वहिनींची परात कापली. वहिनी काथवटीत पीठ मळायला लागल्या. तो ठसा पितळी पत्र्यावर उठवला तेव्हा मीही हात जोडले, इतका देखणा उतरला होता. ते पत्रे त्यांनी चार चार खिळ्यांनी दाब्यांच्या पाटांवर पुढच्या बाजूला ठोकले. पाय मागं, देव म्होरं, असा हिशेब.

आणि काय सांगू, दाब्या खपायला लागला. ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांनी घेतला. आष्ट्याला महादू म्हणून एक तरुण कारागीर होता, बाप नुकताच वारलेला. त्यानं दाब्या हातात घेतला आणि आधी कपाळाला लावला. त्याची आई आतून हळद-कुंकू घेऊन आली. "मिस्त्री, लय झ्याक काम केलंत," म्हणाली. कोळशावर चालणाऱ्या परतीच्या मोटारीत, धुरात खोकत खोकत मिस्त्री म्हणाले, "एजंट, आता कुणाचा डोळा जात न्हाई. आता मी मेलो तरी चालतंय." मी म्हटलं, आधी पुढचा माल करा, मग मरा. ते हसले. मी त्यांना तसं हसताना त्यानंतर बघितलं नाही.

वर्षभरानं आम्ही परत फेरी काढली. म्हटलं, कोणाच्या दाब्याचा स्क्रू झिजला असेल तर बदलून देऊ. रहिमतपूरला एक म्हातारा लोहार होता, जुना ओळखीचा. आम्ही गेलो तेव्हा तो सांडशीनंच कमान काढत होता. मिस्त्री दारातच थबकले. "दाब्या कुठाय?"

"हाय की," म्हातारा म्हणाला आणि आम्हाला आत घेऊन गेला. देवघरात, टाकांच्या रांगेच्या मधोमध, दाब्या. पितळी खंडोबावर भंडारा, जबड्यात झेंडूची फुलं खोवलेली.

"आरं, ते वापरायचं हाय," मिस्त्री म्हणाले.

"त्येच्यावर पाय द्याचा?"

"देवावर न्हाई रं. देवाच्या मागं."

"मागं म्हंजे पायाचं तोंड कुणाकडं?" म्हाताऱ्यानं विचारलं. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

 मला तर तिथल्या तिथं कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. घराघरात देवघरातला टाक असतो कसा? पितळेच्या नाहीतर चांदीच्या पत्र्यावर उठवलेला घोड्यावरचा खंडोबा. मिस्त्रींनी महिनोन्‌महिने खपून, बायकोची परात कापून, हुबेहूब टाक बनवला होता आणि लोकांना सांगत होते, याच्याकडे पाय करून बसा. लोकांनी करायचं ते केलं. मिस्त्रींच्या स्वतःच्या मनात देव आणि काम कधी वेगळं नव्हतंच, म्हणून त्यांना हे सुचलंच नाही. मी एवढा बाजार हिंडलेला माणूस, मलाही सुचलं नाही, आणि वहिनींनाही नाही.

त्या फेरीत जिथं जिथं गेलो तिथं हेच. कोणाच्या देव्हाऱ्यात, कोणाच्या कोनाड्यात, एका ठिकाणी तर दाब्याला चांदीचे डोळे बसवलेले. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. लोक आता बेफिकीर झाले होते. पूर्वी कमान काढताना निदान तोंड जरा बाजूला करत. आता म्हणायचे, मिस्त्रींचा देव घरात आहे, डोळ्याला काही होत नाही. मिस्त्री प्रत्येक घरी समजावत होते, ओरडत होते, शेवटी हात जोडत होते. लोक त्यांना गूळपाणी देत आणि दाब्यापुढं उदबत्ती लावत.

घरी येऊन त्यांनी शिल्लक दाब्यांवरचे पत्रे उपटून काढले. एकेक पत्रा काढताना "माफी असावी" असं पुटपुटायचे. पण पाटावर चार खिळ्यांची चार भोकं राहिली. ते पाट घेऊन गेलो तर कोणी हात लावेना. रहिमतपूरचा तोच म्हातारा म्हणाला, "मूर्तीवरचा शेंदूर खरवडला तर तिचा दगुड व्हतो व्हय? देव उपटल्याला पाट घरात कोण घेईल?" नवे करायचे तर पोलाद कुठून आणायचं? लढाईच्या दिवसांत खिळासुद्धा मिळायची मारामार. आणि मिस्त्रींच्या हातातला जोरही ओसरला होता.

मग आष्ट्याहून निरोप आला. बेचाळीसच्या धामधुमीत सरकारनं जमा करून घेतलेल्या बंदुका त्या सुमाराला लोकांना परत मिळत होत्या, वर्षानुवर्षं गंज खाल्लेल्या. महादूकडे कामाची रीघ लागली होती. एका गंजलेल्या कमानीवरून सांडशी घसरली. उजवा डोळा.

आम्ही गेलो तेव्हा महादू खाटेवर पडला होता, अर्ध्या तोंडाला फडकं बांधलेलं. दाब्या त्याच्या डोक्यावरच्या फळीवर, देवात. मिस्त्री उंबऱ्यातच बसले. त्यांना आत पाऊल टाकवेना. महादूची आई बाहेर आली आणि तिनं वाकून मिस्त्रींच्या पायाला हात लावला.

"तुमचा देव हुता घरात म्हणून एकच गेला," ती म्हणाली. "न्हाईतर दोनी गेलं असतं पोराचं. तुमचं उपकार कसं फेडू?"

मी आयुष्यात पुष्कळ शिव्या ऐकल्या आहेत. माझ्या धंद्यात त्या रोजच्याच असतात. पण कोणाच्या आशीर्वादानं माणूस असा मोडून पडताना मी दुसरा बघितला नाही.  त्यानंतर त्यांनी बंदूक हातात घेतली नाही. गिऱ्हाईक आलं तर वहिनी बाहेर येऊन नाही म्हणून सांगत. ओसरीवर येणाऱ्याला आता कोणी तोंड फिरवायला सांगेना, आणि मला त्या भिंतीसमोर उभं राहायची इतकी सवय झाली होती की ओसरीवर पाऊल टाकलं की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

एक दिवस मिस्त्री पिशवी घेऊन उठले. "देव परत घेऊन येतो," म्हणाले. "घरात ऱ्हायलं तर आनि डोळं खातील." देवाबद्दल त्यांच्या तोंडून असं कधी आलं नव्हतं. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी बॅग ठेवली आणि त्यांच्याबरोबर निघालो.

घराघरापुढं उभं राहून ते म्हणायचे, "माझा खंडोबा मला परत द्या." देव कोण परत देतो? बसलेला देव उठवायचा म्हणजे घराचं वाटोळं. पण खंडोबाच्या नावानं दारात आलेल्याला रिकामं कसं पाठवायचं? घरातली बाई आत जायची आणि सुपात जोंधळे घेऊन यायची. पिशवीत घालायची, मिस्त्रींच्या कपाळाला भंडारा लावायची आणि पाया पडायची. ते "न्हाई, न्हाई" म्हणत मागं सरायचे. मग पुढंपुढं तेही म्हणेनासे झाले. पिशवी उघडून नुसते उभे राहायचे. आठवड्यातून दोनदा जायचे आणि पिशवी भरून यायचे. कामधंदा बंद होता, रेशनच्या रांगेत जोंधळे मिळत नव्हते. वहिनी ते दळायच्या आणि भाकऱ्या करायच्या. मिस्त्री खाली मान घालून खायचे. मला एकदा म्हणाले, "एजंट, बगा, दाब्या अजून खपतोय."

आष्ट्याचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. किती दिवस टाळत होते. मी म्हटलं, नका जाऊ. तर म्हणाले, "तितला देव सगळ्यांत वंगाळ. त्यो आणायलाच पायजे."

सकाळचं ऊन अंगणात पसरलं होतं. मिस्त्रींनी नेहमीचं वाक्य दोनदा म्हटलं. महादूची आई दारात आली आणि डोळ्याला पदर लावला. "मिस्त्री, आवं काय बी मागा, पर त्यो देव मागू नका. पोराचा एक डोळा त्यानंच राखलाय." मग तिनं आत हाक मारली, "महादू, मिस्त्रींना सूपभर घाल रं. तुज्या हातानं घाल."

महादू सूप घेऊन आला. डोळ्यावरचं फडकं आता काढलं होतं. चांगला अंगापिंडानं पोरगा, कपाळाला भंडारा. मिस्त्रींनी पिशवीचं तोंड उघडून धरलं. महादू समोर उभा राहिला, नीट बघून त्यानं सूप कलतं केलं आणि जोंधळे पिशवीच्या अलीकडे, वीतभर अंतरावरून, सरळ खाली मातीत पडायला लागले. एका डोळ्याला अंतर कळत नाही. पिशवी जरा पुढं करायची एवढंच होतं, पण मिस्त्रींचे हात हलले नाहीत. सगळं सूप रिकामं झालं.

आवाज ऐकून महादूनं खाली बघितलं आणि ओशाळून हसला. "अजून अंदाज येत न्हाई, मिस्त्री," तो म्हणाला. "पाणी वततानाबी असंच व्हतंय. यील हळूहळू."

मिस्त्री खाली बसले आणि एकेक दाणा वेचून पिशवीत टाकायला लागले. महादूची आई म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्या, कोंबड्या खातील. मी दुसरं आणते." त्यांनी मान हलवली आणि वेचत राहिले. माती फुंकायचे, दाणा टाकायचे. महादूही शेजारी बसून वेचायला लागला, आणि त्याची बोटं दाण्याच्या अलीकडेच चिमटीला येत होती. मिस्त्री ते बघत होते आणि वेचत होते. मोटारीची वेळ होऊन गेली. मी दोनदा हाक मारली, ते उठले नाहीत. मग मीही खाली बसलो.